उमेदवाराच्या शपथपत्रात उत्पन्न दिसते, पण भरलेला कर दिसत नाही, असे का?

धरमपेठवासी (धागालेखक)

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवार नमुना 26 मधील जे शपथपत्र जोडतो, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. नागपूर जिल्ह्यातील वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांची अशी काही शपथपत्रे मी ओळीने वाचून काढली आणि त्यातून पडलेला प्रश्न येथील जाणकारांपुढे मांडावा म्हणून हा धागा काढत आहे. कोणा एका नेत्याची वा पक्षाची उणीदुणी काढणे हा हेतू नाही. प्रतिसादांतही ते पथ्य पाळले जावे, ही विनंती.

ज्यांनी हे शपथपत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पानोपानी नोटरीचा शिक्का आणि उमेदवाराची सही असते. सुरुवातीलाच एक तक्ता येतो. त्यात उमेदवार स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती अशा ओळी असतात. त्यांच्यापुढे पॅन, शेवटचे विवरणपत्र कोणत्या वर्षाचे भरले ते वर्ष, आणि अखेरच्या रकान्यात मागील पाच आर्थिक वर्षांचे ‘विवरणपत्रात दाखविलेले एकूण उत्पन्न’. सांगण्यासारखे काही नसेल तेथे ‘निरंक’. पुढच्या पानांवर दागिने, वाहने, ठेवी, शेतजमिनीचे गट क्रमांक, कर्जे आणि शासकीय देणी यांचा तपशील येतो. आयकर, जीएसटी किंवा महापालिकेचा मालमत्ता कर थकला असल्यास तेही लिहावे लागते. म्हणजे उमेदवाराच्या पत्नीकडे किती सोने आहे आणि त्याने कोणता कर बुडविला किंवा अडवून धरला आहे, हे मतदाराला कळू शकते. परंतु त्याने कर भरला किती, हे मात्र संपूर्ण शपथपत्रात कोठेही नाही.

एवढी माहिती मिळण्यासाठीसुद्धा न्यायालयात जावे लागले, हे विसरता कामा नये. 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. त्यावर संसदेने लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम 33-ब घालून, न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात लिहिले आहे त्यापलीकडे उमेदवाराने काही सांगण्याची गरज नाही, अशी व्यवस्था करून टाकली. या एका बाबतीत सगळ्या पक्षांचे सूर कसे जुळले होते, ते त्या काळी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असेल. 13 मार्च 2003 रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. पाच वर्षांच्या उत्पन्नाचा आणि परदेशातील मालमत्तेचा रकाना तर फेब्रुवारी 2019 मध्ये आला.

अमेरिकेत ही चर्चा नेमकी उलट्या बाजूने होते. तेथे अध्यक्षपदाच्या उमेदवाराने विवरणपत्र जाहीर करावे असा कायदा नाही. प्रथा आहे, आणि तिचा उगमही सन्मानाचा नाही. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी वर्षाला 2 लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असताना 1970 मध्ये 792.81 आणि 1971 मध्ये 878.03 डॉलर एवढाच आयकर भरल्याचे 1973 मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आले. उपाध्यक्षपदाच्या काळातील आपली कागदपत्रे राष्ट्राला दान केल्याचे दाखवून त्यांनी मोठी वजावट घेतली होती. ‘मी लुच्चा नाही’ हे त्यांचे गाजलेले विधान वॉटरगेटच्या संदर्भात सांगितले जाते. परंतु ते उच्चारले तेव्हा त्यांच्या खासगी मिळकतीचा आणि कराचा विषयही चालू होता. पुढे संसदीय समितीने त्यांच्याकडे व्याजासह 4,76,431 डॉलर निघत असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतरच्या बहुतेक अध्यक्षांनी निमूटपणे विवरणपत्रे जाहीर केली, आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी 2016 मध्ये ती प्रथा मोडली. 2016 आणि 2017 या दोन वर्षांत त्यांनी केंद्रीय आयकर म्हणून प्रत्येकी 750 डॉलर भरल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. अखेर बरीच न्यायालयीन लढाई होऊन 30 डिसेंबर 2022 रोजी संसदेच्या समितीने त्यांची सहा वर्षांची विवरणपत्रे खुली केली.

तेव्हा माझा प्रश्न असा: आपल्याकडे उत्पन्न सांगणे सक्तीचे असताना कराचा आकडा गाळण्यामागे काही तर्क आहे काय? की तो कोणी मागितलाच नाही म्हणून राहून गेला?

जुना करसल्लागार

आपण प्रश्न बरोबर जागी नेला आहे, परंतु रोग त्याच्याही एक पायरी अलीकडे आहे. ‘विवरणपत्रात दाखविलेले एकूण उत्पन्न’ याचा सर्वसामान्य वाचक घेतो तो अर्थ आणि आयकर कायद्यातला अर्थ यांत मोठे अंतर आहे. कायद्याच्या भाषेत एकूण उत्पन्न म्हणजे वजावटी घेतल्यावर उरलेले आणि करमुक्त उत्पन्न सोडून राहिलेले उत्पन्न. शेतीचे उत्पन्न त्यात येतच नाही. ते विवरणपत्राच्या वेगळ्या अनुसूचीत दाखवले जाते. त्यामुळे शपथपत्रातील तो रकाना प्रामाणिकपणे भरला तरीही अपुरा राहतो. खोटे काहीच लिहिलेले नसते आणि खरे कळतही नाही.

आकड्यांनीच सांगतो. 2025-26 या आर्थिक वर्षाची नवी करप्रणाली धरू. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एखाद्याचा वार्षिक पगार 15 लाख रुपये आहे. 75 हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर 14 लाख 25 हजारांवर कर लागतो तो 93,750 रुपये, आणि उपकर धरून 97,500 रुपये. मिळकतीच्या साडेसहा टक्के. आता दुसरी एक काल्पनिक व्यक्ती घ्या. तिचे मानधन, भाडे वगैरे मिळून करपात्र उत्पन्न तेवढेच, म्हणजे 15 लाख, आणि शिवाय शेतीचे उत्पन्न 40 लाख. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. मात्र उरलेल्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना ते हिशेबात धरले जाते. आधी 55 लाखांवरचा कर काढायचा, तो 12 लाख 30 हजार. मग 40 लाखांत करमुक्त मर्यादेचे 4 लाख मिळवून 44 लाखांवरचा कर काढायचा, तो 9 लाख. फरक 3 लाख 30 हजार. उपकरासह 3,43,200 रुपये. म्हणजे एकूण 55 लाखांच्या मिळकतीवर 6.24 टक्के. पगारदारापेक्षा किंचित कमीच!

शपथपत्राच्या तक्त्यात या व्यक्तीपुढे आकडा दिसेल तो 15 लाखांचा. वाचणाऱ्या पगारदाराला वाटेल, हा तर आपल्याइतकाच कमावतो.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगायला हवी. ‘नेते शेती दाखवून एक पैसाही भरत नाहीत’ असे सरसकट बोलले जाते, ते बरोबर नाही. वरच्या उदाहरणात शेतीचे उत्पन्न नसते तर त्या व्यक्तीला 1,09,200 रुपयेच भरावे लागले असते. शेतीमुळे तिचा कर तिपटीहून अधिक वाढला. अजिबात कर लागत नाही तो ज्याचे बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे त्याला. आमदार-खासदार त्यात सहसा बसत नाहीत, कारण त्यांचे मानधन करपात्र आहे. कायद्याने ते पगार या सदरात नसून ‘अन्य स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात धरले जाते, त्यामुळे पगारदाराची प्रमाणित वजावट त्यांना मिळत नाही. दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता यांना मात्र करमाफी आहे.

काटोलचा बागायतदार

या विषयावर कोठेही चर्चा निघाली की शेवटी गाडी आमच्या बांधावर येऊन थांबते, म्हणून आधीच लिहितो.

आमच्या भागात संत्र्याचा मृग बहार असो की आंबिया, बरेच बागायतदार झाडावरची फळे व्यापाऱ्याला एकरकमी देऊन टाकतात. व्यापारी बागेत फिरतो, झाडे मोजतो, फळ पाहतो आणि भाव सांगतो. विसार रोख मिळतो. उरलेली रक्कम तोडणी होईल तशी येते, आणि मध्ये गळ झाली किंवा गारपीट आली तर ती येतही नाही. कळमन्याच्या बाजारात माल स्वतः नेला तर दलालाची हिशेबपट्टी मिळते. त्यात हमाली, तोलाई, भाडे वजा होऊन खाली निव्वळ रक्कम लिहिलेली असते. एवढाच काय तो कागद. खर्चाची बाजू तर याहून कच्ची. मजुरीची पावती कोण कोणाला देतो?

आता या व्यवहाराचा फायदा कोणाला होतो, ते पाहा. ज्याची उपजीविकाच शेतीवर आहे त्याला कर लागण्याएवढे उत्पन्न मुळात क्वचित होते. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात तर विचारूच नका. परंतु ज्याच्याकडे दुसरीकडून आलेला पैसा आहे आणि नावावर दहा-वीस एकरांचा सातबारा आहे, त्याला तो पैसा ‘संत्र्याचा’ म्हणून दाखवायला हाच पावतीविना व्यवहार सोयीचा पडतो. सवलत आमच्या नावाने आणि उपभोग दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. शिवाय शहरातला पगारदार चिडतो तो आमच्यावर.

म्हणून करसल्लागार साहेबांना विचारतो: आयकर खाते शेतीच्या उत्पन्नाची पडताळणी करते की नाही? आणि नेत्याने जाहीर केलेले शेतीचे उत्पन्न तालुक्याच्या सरासरी उताऱ्याशी ताडून पाहणे अवघड आहे काय? एकरी किती संत्री निघतात आणि त्या वर्षी भाव काय होता, हे आमच्याकडे पोरगंही सांगेल.

जुना करसल्लागार

पडताळणी होते, पण पुरेशी नाही. महालेखापरीक्षकांनी 2019 च्या अहवालात हाच विषय घेतला होता आणि तपासलेल्या प्रकरणांपैकी 22 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत पुरेशी कागदपत्रे नसतानाच शेतीचे उत्पन्न मान्य केल्याचे म्हटले होते. त्याच सुमारास विवरणपत्रात बदल झाला. शेतीचे निव्वळ उत्पन्न 5 लाखांवर असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात आहे, पिन कोड काय, क्षेत्र किती, स्वतःची की भाडेपट्ट्याची, ओलिताची की कोरडवाहू, हे सारे आता लिहावे लागते. म्हणजे आपण म्हणता तो ताळा करण्यासाठी लागणारी जमिनीची माहिती खात्याकडे आहे. देशभरातील आयकर अधिकारी प्रशिक्षणासाठी नागपुरातील छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत येतात. तेथून संत्र्याची बाग पाहायला फार लांब जावे लागत नाही, एवढेच म्हणतो.

विधीवाचक

वरील चर्चेत खासगीपणाची बाजू अद्याप आलेली नाही, ती मांडतो. मी वकिली व्यवसायात आहे, परंतु हे मत व्यक्तिगत समजावे.

विवरणपत्र ही गोपनीय बाब आहे, ही आपल्याकडील कायद्याची मूळ भूमिका आहे. आयकर कायद्यानुसार एखाद्या करदात्याची माहिती त्रयस्थाला देता येते ती अधिकाऱ्याची खात्री पटली की ती देणे सार्वजनिक हिताचे आहे तरच. माहितीच्या अधिकारातही हेच सूत्र आले. गिरीश देशपांडे प्रकरणात, 3 ऑक्टोबर 2012 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विवरणपत्रातील तपशील ही वैयक्तिक माहिती ठरवली आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मागता येणार नाही असे सांगितले. ते प्रकरण आपल्या विदर्भाशी जोडलेले आहे; ज्या कर्मचाऱ्याची माहिती मागितली होती त्याची पूर्वीची नेमणूक अकोल्याची होती. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान मिळाले. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) मधील जनहिताची अटच काढून टाकली; आता कलम 8(2) मधील सर्वसाधारण तरतुदीवर भिस्त उरली आहे.

उमेदवारांपुरते पाहिले तर न्यायालयाचा लंबक दोन्हीकडे गेलेला दिसतो. फेब्रुवारी 2018 मध्ये ‘लोकप्रहरी’ प्रकरणात न्यायालयाने मालमत्तेबरोबर उत्पन्नाचा स्रोतही सांगा, पती-पत्नीचा आणि अवलंबितांचाही सांगा, असे म्हटले. याउलट एप्रिल 2024 मध्ये अरुणाचल प्रदेशातील तेझू मतदारसंघाच्या प्रकरणात, उमेदवाराने आपल्या आयुष्याचा प्रत्येक धागा मतदारापुढे उसवून ठेवण्याची आवश्यकता नाही, मतदाराला उपयोगी नसलेल्या बाबींत त्यालाही खासगीपणा आहे, अशी भूमिका घेतली.

प्रत्यक्ष विवरणपत्रात काय काय असते, याचा विचार करावा. बँक खात्यांचे क्रमांक असतात. घर भाड्याने दिले असेल तर भाडेकरूचे तपशील असू शकतात. जुन्या करप्रणालीत राहिलेल्या व्यक्तीच्या वजावटींवरून तिच्या घरात कोणाला गंभीर आजार आहे, कोणाला अपंगत्व आहे, तिने कोणत्या संस्थेला देणगी दिली, हे सारे कळते. नेत्याने राजकारण निवडले असले तरी त्याच्या मुलाने किंवा भाडेकरूने ते निवडलेले नसते. त्यामुळे ‘अमेरिकेप्रमाणे संपूर्ण विवरणपत्र जाहीर करा’ या मागणीला माझा विरोध आहे.

जाता जाता शिक्षेबद्दल. शपथपत्रात माहिती दडवल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 125-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमाखालील एक प्रकरण नागपूरच्या न्यायालयात चालले, ते बहुतेकांना ठाऊक आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या 2014 मधील शपथपत्राचा तो वाद दोन फौजदारी तक्रारींच्या उल्लेखापुरता होता, कराचा त्यात संबंध नव्हता, आणि 2023 मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. मुद्दा एवढाच की 2014 च्या कागदाचा निर्णय लागेपर्यंत मध्ये जवळपास दोन विधानसभांचा काळ गेला. शिक्षेचा धाक म्हणून या कलमाकडे फार आशेने पाहू नये.

इतवारीतला दुकानदार

उत्पन्न आणि खासगीपणा यांवर विद्वत्ता चालली आहे, त्यात एक साधी गोष्ट विचारतो. माझ्या दुकानाचे जीएसटी विवरणपत्र एक दिवस उशिरा गेले तर विलंब शुल्क लागते. ग्राहक माझा क्रमांक टाकून मी विवरणपत्रे वेळेवर भरतो की नाही, हे पाहू शकतो. तो माझा खासगीपणा नव्हे काय?

आणि कर भरण्याची गोष्ट निघाली आहे तर हेही नोंदवून ठेवा की काही राज्यांत मंत्र्यांच्या मानधनावरचा आयकर कित्येक वर्षे शासनच भरत होते. उत्तर प्रदेशात 1981 च्या कायद्याने सुरू झालेली ही सोय 2019 मध्ये बंद झाली. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात 1972 पासून चालत आलेला तसाच नियम जून 2024 मध्ये रद्द झाला. म्हणजे कालपरवापर्यंत सिवनी-छिंदवाड्याच्या दुकानदाराने भरलेल्या करातून मंत्र्याचा कर भरला जात होता. ‘नेत्याने किती कर भरला’ हा रकाना तेव्हा असता, तर तेथे काय लिहिले असते?

ओस्लोतला नागपूरकर

नोकरीनिमित्त नॉर्वेत राहतो, म्हणून येथील पद्धत सांगतो. येथे नेत्यांचेच काय, माझेसुद्धा करपात्र उत्पन्न, निव्वळ संपत्ती आणि भरावयाचा कर हे तीन आकडे कोणीही पाहू शकतो. विवरणपत्र मात्र दिसत नाही. बँक, आजार, वजावटी यांतले काहीही नाही. फक्त तीन आकडे.

पूर्वी वर्तमानपत्रे ही सगळी यादी आपापल्या संकेतस्थळांवर टाकत आणि लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांची, मेहुण्यांची, वरिष्ठांची मिळकत चाळत बसत. मग पद्धत बदलली. आता कर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या ओळखीनिशी प्रवेश करून शोधावे लागते, आणि 2014 पासून ज्याची माहिती पाहिली त्याला, ती कोणी पाहिली, हे कळते. नुसत्या या एका बदलाने शोध घेणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. पत्रकारांना मात्र यादी मिळते, त्यामुळे मंत्र्यांचे आणि धनिकांचे आकडे दरवर्षी छापून येतातच.

पाहणाऱ्याचे नाव उघडे करण्याची ही युक्ती सामान्य नागरिकासाठी उत्तम आहे. नेत्याच्या बाबतीत मात्र ती उलटी पडेल, असे वाटते. आपल्या नगरसेवकाचा कर कोणी पाहिला हे त्या नगरसेवकाला कळणार असेल, तर प्रभागातला कोण माणूस ते पाहायला धजेल?

धरमपेठवासी (धागालेखक)

सर्वांचे आभार. विधीवाचक यांचा मुद्दा मान्य करूनच पुढे जातो, कारण त्यातूनच मार्ग दिसतो. संपूर्ण विवरणपत्र मागण्याची गरज नाही आणि ते मागणे योग्यही नाही. आज शपथपत्रात पाच वर्षांचे एकूण उत्पन्न विचारले जातेच. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत. एक, विवरणपत्रात दाखविलेले करमुक्त उत्पन्न, त्यात शेतीचे वेगळे. दोन, त्या वर्षाचा परतावा वजा जाता प्रत्यक्ष भरलेला आयकर. त्यामुळे आजाराची, देणगीची वा भाडेकरूची कोणतीही माहिती उघड होत नाही, आणि करसल्लागारांनी मांडलेला 6.5 आणि 6.24 टक्क्यांचा हिशेब कोणताही मतदार कागदावर करू शकतो.

मला यात नेत्याची चोरी पकडण्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते आयकर खात्याचे काम आहे आणि मतदाराकडे ते करण्याची साधने नाहीत. परंतु करकायदा करणारी माणसे स्वतः त्या कायद्याच्या कोणत्या खोलीत राहतात, हे कायदा करणाऱ्याच्या मतदाराला ठाऊक असावे. शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के आणि पगाराच्या वरच्या टप्प्यावर 30 टक्के असे दर ठरवण्यामागे अर्थशास्त्रीय कारणे असतीलही. ते दर ठरवणाऱ्या सभागृहातील किती जणांची मिळकत पगारासारखी आहे आणि किती जणांची नफ्यासारखी, हे न कळता त्या कारणांवर विश्वास कसा ठेवायचा? 2012 मध्ये अमेरिकेतील अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी आदल्या वर्षी सुमारे 14 टक्के दराने कर भरल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यात बेकायदा काहीच नव्हते. परंतु भांडवली नफ्यावरचा सवलतीचा दर ही काय चीज आहे, ते त्या एका आकड्यामुळे अमेरिकेतील सामान्य माणसाला समजले. ब्रिटनमध्ये तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मार्च 2023 मध्ये आपल्या कराचा सारांश जाहीर केला, तेव्हाही चर्चा याच वळणाने गेली.

विधीवाचक

दोन रकान्यांना माझी तत्त्वतः हरकत नाही, पण दोन अडचणी सांगतो.

पहिली: कारणाशिवाय दिलेला कराचा आकडा फसवू शकतो. ट्रम्प यांच्या 750 डॉलरमागे मोठमोठे व्यावसायिक तोटे दाखवलेले होते. आपल्याकडेही व्यवसायातला तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो. एखाद्या उमेदवाराची सूतगिरणी खरोखर बुडाली असेल आणि त्यामुळे दोन वर्षे कर शून्य आला असेल, तर प्रचारसभेत त्याचे ‘करबुडवा’ असे चित्र रंगवायला विरोधकाला दोन मिनिटे लागतील. खुलासा करणाऱ्याला अर्धा तास लागतो, आणि तो ऐकायला सभा थांबत नाही.

दुसरी: पत्नीचा किंवा पतीचा कर. सुनक यांच्या बाबतीत वाद पेटला तो त्यांच्या पत्नीच्या करस्थितीवरून, आणि त्या स्वतः कोणत्याही पदावर नव्हत्या. स्वतंत्र व्यवसाय असलेल्या स्त्रीने केवळ नवरा निवडणुकीला उभा राहिला म्हणून आपल्या कमाईचा हिशेब चौकात का मांडावा?

काटोलचा बागायतदार

दुसऱ्या मुद्द्यावर असहमती नोंदवतो. आमच्याकडे जमीन कोणाच्या नावावर असते ते पाहून या. उमेदवाराच्या नावावर दोन एकर, पत्नीच्या नावावर चाळीस एकर, आणि पत्नीने त्या शेतात कधी पाय ठेवलेला नाही. पती-पत्नीचा रकाना काढला तर तक्ता ठेवून उपयोग काय? ज्या बाईंचा खरोखर स्वतंत्र व्यवसाय आहे त्यांच्यावर यात थोडा अन्याय होतो, हे खरे. परंतु आज उत्पन्न आणि सोने जाहीर होतेच, त्यात कराचा आकडा वाढल्याने अधिक काय बिघडणार?

निवृत्त लेखापाल

बराच वेळ नुसते वाचत होतो. माहिती ‘फुटणे’ आणि माहिती ‘देणे’ यांतला फरक या चर्चेत यायला हवा. अमेरिकेत ट्रम्प यांच्यासह हजारो धनाढ्यांची करविषयक माहिती वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला जानेवारी 2024 मध्ये पाच वर्षांची कैद झाली. त्याने उघड केलेल्या माहितीचा जनतेला उपयोग झाला की नाही, यावर मतभेद असतील; पण सरकारी दप्तर सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती शिक्षा योग्यच वाटते. करदात्याचा विश्वास एकदा गेला की तो खरे उत्पन्न लिहायचेच सोडतो. कायद्याने थोडे मागितले, तर चोरून पुष्कळ मिळवण्याची गरज उरत नाही.

त्याच अमेरिकेत दुसरी एक सोय आहे, तिचा कोणी उल्लेख केला नाही. निक्सन प्रकरणानंतर, 1977 पासून, अध्यक्षाच्या विवरणपत्राची दरवर्षी तपासणी करण्याचा कर खात्याचा अंतर्गत नियम आहे. कागदावर उत्तम. ट्रम्प यांच्या पहिल्या दोन वर्षांत ती तपासणी झालीच नाही, हे 2022 मध्ये समितीच्या अहवालातून कळले. वरिष्ठाची फाइल कनिष्ठाने स्वतःहून उघडावी, ही अपेक्षा कोणत्याही देशातल्या कार्यालयात जरा जास्तच आहे. म्हणून आकडा बाहेर असलेला बरा.

शेजारच्या पाकिस्तानात 2014 पासून संसद सदस्यांनी भरलेल्या आयकराची नावनिशीवार यादी तेथील महसूल मंडळाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हे उदाहरण दिले की काही जण रागावतात, पण यादी निघाली ती निघाली.

धरमपेठवासी (धागालेखक)

करसल्लागार साहेब, शेवटचा प्रश्न आपल्यासाठी. हे दोन रकाने घालायला संसदेत कायदा करावा लागेल काय? आणि विवरणपत्र भरल्यानंतर खात्याने फेरनिर्धारण करून कर वाढवला तर कोणता आकडा धरायचा?

जुना करसल्लागार

नमुना 26 हा 1961 च्या निवडणूक नियमांचा भाग आहे आणि 2019 मधील बदल केंद्र सरकारच्या विधी विभागाच्या अधिसूचनेनेच झाला होता. दोन रकाने वाढवायलाही तोच मार्ग पुरेल. सभागृहात विधेयक आणण्याची गरज नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या उमेदवारांचे शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते. तेव्हा नागपूरकरांना सुरुवात करायची असेल तर निवेदन मुंबईला, राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवावे. तेथे प्रश्न एका राज्याचा आहे आणि ताळा घेणेही सोपे आहे, कारण नगरसेवकपदाच्या उमेदवाराची मालमत्ता त्याच्या प्रभागातले लोक रोज डोळ्यांनी पाहतात.

आकड्याबाबत माझे मत असे की उमेदवाराने स्वतः भरलेल्या विवरणपत्रातील कर लिहावा, कारण त्याची जबाबदारी तेवढ्यापुरतीच आहे. खात्याने नंतर मागणी वाढवली असेल तर ती थकबाकी आणि वादातील देणी यांसाठी शपथपत्रात आजही जागा आहे. तेथे ती येईलच. मुदतीनंतर दाखल केलेले किंवा सुधारित विवरणपत्र असेल तर तसा शेरा आणि दाखल केल्याची तारीख मात्र सक्तीची करावी. अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात मागच्या दोन वर्षांची विवरणपत्रे घाईघाईने दाखल करणारे अशील मी पाहिले आहेत.